पांढऱ्या टिकलीच्या बशा

२३ डिसेंबर २००६, शनिवार

पहिली आली ती श्यामला. बोलावलं होतं तीनला, बाई अडीचलाच दारात. बूट काढता काढताच म्हणाली, "काकू, बाकीच्या यायच्या आत सांगते. अर्चनाच्या नवऱ्याची बदली झालीये ग्लासगोला. पण तिनं स्वतः सांगेपर्यंत आपल्याला काही माहीत नाही हं." मला अर्चना कोण तेच माहीत नव्हतं, मी कशाला बोलतेय. मग अर्चना आली आणि बसल्या बसल्या तिनंच सांगितलं. श्यामला "अगंबाई!" म्हणाली. फार छान म्हणाली.

ह्या सगळ्या मला बघायला आल्या होत्या. मला मेडनहेडला येऊन अकरा दिवस झाले. मंजिरी, म्हणजे माझी सून, तिनं मैत्रिणींना चहाला बोलावलं होतं, सासू आली आहे म्हणून. मी शंकरपाळे केले. मैद्याला इथे चिकटपणा कमी आहे, पण संपले.

ही वही ईशितानं दिली. वर घोडा आहे. ती म्हणते, "आजी, रोज लिहायची. माझा टीचर सांगते." नात सात वर्षांची आहे, तिचं मराठी तिच्या आईबापांनी असं ठेवलंय. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही लावणी नसेल त्या दिवसांची, तेव्हा मी कोणाला हसू नये. लिहीन जमेल तेव्हा.

तर सांगत काय होते, की मंजिरी चहा सोडून दोनदा वर जाऊन आली. अर्चना म्हणाली, "काय गं, वर दही लावलंयस का?" सगळ्या हसल्या. इथे घराघरात वरच्या मजल्यावर एक कपाट असतं, त्यात गरम पाण्याची टाकी. गोरे लोक त्यात टॉवेल वाळवतात, आपले लोक दही लावतात. मंजिरी म्हणाली, "दही नाही, पीएचडी लावलीये." आणि वर जाऊन ट्रेच घेऊन आली.

ट्रेमध्ये बारा चपट्या बशा, झाकणाच्या. प्रत्येकीत ओला कागद आणि कागदावर बी. झाकणांवर टिकल्या चिकटवलेल्या, चार लाल, चार निळ्या, चार पांढऱ्या. मी एक झाकण उघडलं आणि बघतच राहिले. काळं, चपटं, चकचकीत. म्हटलं, "अगो, ही तर आकेशी!"

सात वर्षं मी रोपवाटिकेत पिशव्या भरल्या, आमच्या वाडीच्या खालच्या अंगाला. साहेब ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणायचे, आम्ही आकेशी. मी म्हटलं, हिला मी अंधारात हात लावून ओळखीन. श्यामला म्हणाली, "म्हणजे सासू-सून एकाच ऑफिसातल्या की!" मला फार बरं वाटलं. मंजिरीलाही वाटलं असावं, ती झाकणं परत नीट लावत होती.

नंतर भांडी आवरताना तिनं सांगितलं. युनिव्हर्सिटी नाताळची बंद, तिथे दहा दिवस हीटिंग नसतं, म्हणून तिच्या बाईंना विचारून बशा घरी आणल्यात. कुठेतरी हिंदी महासागरात एक बेट आहे. वादळानं तिथले डोंगर उघडे पडले, लोकांना चुलीला लाकूड नाही. त्यांना आकेशी लावायची आहे. मंजिरीनं सांगायचंय, की ही लावली तर सांगितल्या जागी राहील की बेटभर सुटेल. तिच्या कागदावर ते लोक ठरवणार.

मी म्हटलं, "झाड कुठे जातंय?" ती म्हणाली, "तेच बघायचंय, आई." शिक्षण असंच असतं.

२६ डिसेंबर, मंगळवार

उद्या ही तिघं वॉटफर्डला जातायत, सतीशकडे. सतीश म्हणजे माझ्या मोठ्या जावेचा मुलगा. दोन दिवसांनी येतील. मला खोकला आहे, मी नाही जात. हरीशनं, माझ्या मुलानं, टीव्हीचा रिमोट शिकवला. मंजिरीनं बशांवर पाणी फवारायची बाटली शिकवली. दिवसातून एकदा, तीन फवारे. "आई, फक्त फवारा. बाकी काही नाही हं." म्हटलं, बरं.

सतीशच्या बायकोसाठी लिंबाचं लोणचं दिलं. मागच्या वेळी तिनं बरणी परत केली नव्हती. ह्या वेळी प्लास्टिकच्या डब्यात दिलं.

२७ डिसेंबर, बुधवार

फवारा मारायला गेले. लाल टिकलीच्या बशांत कोंब आलेत, पांढरे, तांदळाच्या कणीएवढे. निळ्या टिकलीच्यातही आलेत. पांढऱ्या टिकलीच्या चारही बशा तशाच. खडे ठेवल्यासारख्या. एक बी नखानं दाबून बघितलं, कडक.

मला एका मिनिटात कळलं. ह्यांना ऊन पाणी दाखवलेलंच नाही. आकेशीच्या बियाचं कवच असं आहे की नुसत्या ओलीला ते दाद देत नाही. आमचे साहेब पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. पाणी उकळायचं, उतरवायचं, त्यात बी टाकायचं, मिनिटभरानं गार पाणी ओतायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच ठेवायचं. फुगलेलं बी पिशवीत लावायचं. एकदा आशा विसरली होती, माझ्याबरोबर होती ती, तर तिच्या सहाशे पिशव्या महिनाभर रिकाम्या उभ्या होत्या आणि साहेब त्यांच्यासमोरून जाताना टोपी काढायचे.

मंजिरीचं तरी दुसरं काय होणार? घर, पोर, युनिव्हर्सिटी, रोजचा डबा. बिचारीच्या चार बशा राहून गेल्या. आणि त्यातही परत सासू येऊन बसलेली.

किटली लावली. चार वाट्या घेतल्या, म्हणजे मिसळायला नको. पंचवीस पंचवीस बी मोजलं. मिनिट मोजलं. गार पाणी ओतलं. वाट्या ओट्यावर झाकून ठेवल्यात.

आज खोकला कमी आहे.

२८ डिसेंबर, गुरुवार

बी सुंदर फुगलं. चार-सहा हट्टी असतात, तेवढी आहेत. परत बशांत मांडलं, ओळीत, ती मांडते तसं. टिकल्या ज्याच्या त्याला. वाट्या घासून पालथ्या घातल्या. मंजिरीला सांगायचं नाही असं ठरवलं. आपण कोणाची राहिलेली भांडी घासून ठेवतो, ते काय सांगत सुटतो? तिला वाटेल, सासूनं चूक काढली.

संध्याकाळी आली तिघं. सतीशच्या बायकोनं जुनी बरणी परत पाठवली. त्या घरात काहीतरी सुधारणा आहे.

३ जानेवारी २००७, बुधवार

सकाळी मंजिरी वरून ओरडली. मला वाटलं टाकी फुटली. हरीश दाढीच्या साबणासकट धावला. ती कपाटासमोर जमिनीवर बसली होती, मांडीवर पांढऱ्या टिकलीची बशी. "हरीश, कंट्रोल उगवलंय! बघ ना! सगळंच्या सगळं!"

शंभरातले चौऱ्याण्णव. मला हट्टी सहा आधीच माहीत होते.

हरीश म्हणाला, "हे चांगलं की वाईट?" ती म्हणाली, "माहीत नाही. मोठं आहे." मग माझ्याकडे वळली. "आई, तुम्ही रोज फवारलंत ना?" म्हटलं, "फवारलं." फवारलंच होतं.

दिवसभर ती बाईंशी फोनवर. मी संध्याकाळी नारळ फोडून वड्या केल्या. तिनं पाच खाल्ल्या. दोन वर्षांत हिला इतकं हसताना मी फोनवर ऐकलं नव्हतं. मला काही बोलायचं नव्हतं, पण माझं मलाच कौतुक वाटत होतं.

५ जानेवारी, शुक्रवार

बेटावरच्या जंगलखात्याचे एक साहेब लंडनला तीन महिन्यांच्या कोर्सला आलेत. मिस्टर फेलिक्स. मंजिरीच्या बाई, त्यांचं नाव हार्डकासल, त्यांना घेऊन पुढच्या शनिवारी आपल्याकडे येणार. बशा हलवायला नकोत म्हणून घरीच. मंजिरी म्हणाली, "आई, चिवडा कराल? कमी तिखट." म्हटलं, करीन.

७ जानेवारी, रविवार

आज एक झालं. मी भाकऱ्या थापत होते. मंजिरी टेबलापाशी हरीशला समजावत होती. निळी टिकली म्हणजे ऊन पाणी दिलेलं बी. लाल म्हणजे नेलकटरनं टवका काढलेलं. "आणि पांढरी म्हणजे काहीही न केलेलं. मुद्दाम. झाडाखाली आपोआप पडतं तसं. त्याच्यावरच सगळं उभं आहे रे. काही न करता शंभरात चौऱ्याण्णव! म्हणजे ही बेटावर गेली की संपलंच."

माझी भाकरी तव्यावर करपली.

म्हणजे त्या राहून गेल्या नव्हत्या. मुद्दाम ठेवल्या होत्या. बी घ्यायचं, त्याला काही करायचं नाही आणि ते उगवत नाही हे बघत बसायचं, ह्याला कोणी काम म्हणेल हे मला कुठून सुचणार? आमच्याकडे त्याला आळस म्हणत.

आता काय करावं. सांगितलं तर तिचं हसू जाईल, आणि बाईंसमोर मान खाली. नाही सांगितलं तर त्या बेटावरचे लोक माझ्या किटलीवर निर्णय घेणार. मी खोटं बोलले नाही. पण विचारलंही तेवढंच होतं जेवढ्याला हो म्हणता येईल.

९ जानेवारी, मंगळवार

आज सांगायचं होतं. सकाळी मंजिरी कपडे घड्या करताना गाणं म्हणत होती. उद्या.

१० जानेवारी, बुधवार

उद्या.

१२ जानेवारी, शुक्रवार

चिवडा केला. तिळाच्या वड्याही केल्या, संक्रांत आलीच आहे. मंजिरी येऊन म्हणाली, "आई, तुमचा हात लागला बशांना, म्हणून माझं नशीब उघडलं." मी तिच्या हातावर चिवडा ठेवला, म्हटलं, मीठ बघ.

१३ जानेवारी, शनिवार

आता सगळं नीट लिहिते, म्हणजे माझ्या डोक्यातून उतरेल.

हरीश ईशिताला पोहायला घेऊन गेला. घरात आम्ही दोघीच. आधी हार्डकासलबाई आल्या, उंच, पायात चिखलाचे बूट, ते बिचारीनं दाराबाहेर ठेवले. मागून मिस्टर फेलिक्स. माझ्या वयाचे, सागवानी रंगाचे, दोन कोटांवर मफलर. मला नमस्कार केला, हात जोडून. मग हीटरला पाठ लावून उभे राहिले. मला माणूस आवडला.

मंजिरीनं ट्रे आणला. फेलिक्ससाहेबांनी पांढऱ्या टिकलीची बशी उचलली, चष्मा वर केला, खूप वेळ बघितली आणि काहीतरी म्हणाले. मंजिरीनं मला सांगितलं, मी चहा ओतत होते म्हणून. "आई, ते म्हणतात, त्यांच्या बेटावर चर्चच्या आवारात आकेशीचं एक जुनं झाड आहे. वीस वर्षांत खाली एक रोप उगवलेलं नाही. मग हे कसं, असं विचारतायत."

"मग तू काय म्हणालीस?"

"मला माहीत नाही असं म्हणाले."

चहाचा कप मी बशीवर ठेवला. तो वाजला. म्हटलं, "मंजिरी, त्यांना सांग. त्या बियांना मी ऊन पाणी घातलं. तुम्ही वॉटफर्डला होतात तेव्हा. मला वाटलं तू विसरलीस."

ती माझ्याकडे बघत राहिली. दोघं पाहुणे तिच्याकडे बघत राहिले. घरात मराठी कळणारं आम्ही दोघीच. मी म्हटलं असतं, चहात साखर घालू का विचार, तरी त्यांना तेच वाटलं असतं. तिलाही ते सुचलं असणार, तिचा चेहरा क्षणभर तसा झाला. मग ती सरळ बसली आणि बोलायला लागली. मी कान देऊन होते. मध्ये "हॉट वॉटर" म्हणाली. तेवढे दोन शब्द मला येतात. तेव्हा कळलं की तिनं जसंच्या तसं सांगितलं.

हार्डकासलबाईंनी डोळे मिटले आणि परत उघडले. वहीत एक आडवी रेघ मारली, लांब.

फेलिक्ससाहेब मात्र हसायला लागले. मफलर निघेपर्यंत हसले. म्हणाले, म्हणजे नुसतं बी उगवत नाहीच, बेटभर सुटायची भीती नाही! म्हणजे चर्चचं झाड खरं बोलतंय! त्यांच्या गोदामात म्हणे आकेशीच्या बियांची अकरा पोती येऊन पडलीयेत, पहिल्या पावसाला डोंगरावर टाकायला. मंजिरी खाली बघत होती. तिचे हात मांडीवर, एकमेकांत अडकवलेले.

मग त्यांनी मला विचारलं, खास माझ्याकडे वळून. "तुमच्या गावाला डोंगरावर ऊन पाणी कोण घालतं?"

आता हे तर सोपं होतं. मी म्हटलं, "पहिली वर्षं आम्ही. मग कोणी नाही. गरजच राहिली नाही." मंजिरीनं मान वर केली आणि सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे कसं?

मग काय, कोणी विचारलं तर मी सांगतेच. म्हटलं, साहेब, आम्ही लावल्या होत्या खालच्या अंगाला चौदा ओळी. पाच-सहा वर्षांत ताडासारख्या गेल्या. फाल्गुन-चैत्रात आमच्याकडे राब भाजतात, म्हणजे भाताची रोपं करायची ती जमीन पालापाचोळा पेटवून भाजून घेतात. एका वर्षी आग वर चढली आणि आकेशीत गेली. आम्हाला वाटलं, गेली सात वर्षांची मेहनत. तर पहिल्या पावसानंतर जाऊन बघितलं, डोक्यावर केस यावेत तशी रोपं! जमीन दिसेना. त्या आगीनं सगळ्या बियांचं काम एकदम केलं. आम्ही किटल्या लावत बसलो असतो तर शंभर वर्षं लागली असती. आणि बियाला पिवळा धागा असतो ना, तो बुलबुलांना फार आवडतो. ते खातात आणि समोरच्या डोंगरावर जाऊन बसतात. आता समोरच्या डोंगरावरही आहे. तिथे कोणी एक पिशवी नेली नव्हती. फुकटात!

मंजिरी भराभर सांगत होती, तिचा चहा तसाच. हार्डकासलबाईंनी नवं पान काढलं.

साहेबांनी विचारलं, शेळ्या खातात? म्हटलं, छे, तोंड लावत नाहीत, तोच तर फायदा. आधी तिथे काय होतं? म्हटलं, काही नाही, जंगली, करवंदं, तोरणं, कुडा, शाकारायचं गवत. आता? म्हटलं, आकेशी. खाली कसं स्वच्छ, पाल्याची गादी, तण म्हणून उगवत नाही. पाणी? म्हटलं, झरा होता, तो हल्ली होळीलाच आटतो, पण हल्ली सगळंच लवकर होतं.

मी लगेच म्हटलं, "लाकूड मात्र भरपूर. चुलीला कमी नाही. तुम्ही लावाच."

मंजिरीनं तेही सांगितलं. साहेब हसले नाहीत. हीटरपासून निघून खुर्चीत बसले. मी विचारलं, तुमच्याकडेही भाजतात का? ते म्हणाले, कंद लावायच्या आधी, दर वर्षी, सगळा डोंगर. मी म्हटलं, मग काळजीच मिटली, आपोआप होईल. त्यांनी मंजिरीकडून हे दोनदा ऐकलं. मग खिशातून आपली वही काढून माझं नाव विचारलं. जानकी, असं सांगितलं. त्यांनी ते लिहिलं, मला दाखवलं आणि खाली चार पानं लिहिली. आकेशीबद्दल एवढं कोणी लिहून घेतलेलं मी बघितलं नव्हतं. आमच्या साहेबांनीही नाही.

चिवडा दोघांनी घेतला, बाईंनी दोनदा.

१४ जानेवारी, रविवार

काल पाहुणे गेल्यावर मंजिरी ट्रे घेऊन वर गेली. मी स्वयंपाक केला, ती जेवली, ताट उचललं. आज सकाळी मी एकटी चहा घेत होते तर समोर येऊन बसली.

"आई, आधी सांगायचं ना."

"रोज सांगणार होते. तू गाणं म्हणायचीस."

ती टेबलावरचा एक डाग पुसायला लागली. तो डाग जुना आहे, जात नाही. मग म्हणाली, "तुम्ही काल बोलला नसतात तर मी ते छापलं असतं. आणि मग कधीतरी कोणीतरी तेच बी घेऊन तोच प्रयोग केला असता." मग म्हणाली, "मी चिडलेय अजून." म्हटलं, "चिड की. मी आहे अजून."

नंतर हार्डकासलबाईंचा फोन आला. पांढऱ्या टिकलीच्या बशा नव्यानं लावायच्या, साठ दिवस मोजायच्या. आणि चौथी टिकली वाढवायची, काळी. आगीतून काढलेलं बी. हे बाईंनीच सुचवलं, माझ्या बोलण्यावरून. आता भाजावळीचा जाळ केवढा आणि किती वेळ, हे युनिव्हर्सिटीत कोणालाच माहीत नाही.

२० जानेवारी, शनिवार

दुपारी बागेत राब भाजला. हरीशच्या बार्बेक्यूच्या ट्रेमध्ये माती, मातीत बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत बी, वर वाळका पाला. मंजिरी घड्याळ आणि लांब काटा घेऊन, तो काटा म्हणे उष्णता सांगतो. मी पाला कसा रचायचा ते दाखवलं. ती आधी फार घालत होती. "आई, एवढंच?" "एवढंच. भाजायचंय, जाळायचं नाही." शेजारचे आजोबा कुंपणावरून बघून गेले. मंजिरीनं त्यांना काहीतरी सांगितलं, ते मला अंगठा दाखवून आत गेले.

नव्या पांढऱ्या बशा कपाटात गेल्या. त्यांचा फवाराही आता मंजिरीच मारते. माझ्याकडे काळी टिकली दिली आहे.

३० जानेवारी, मंगळवार

काळ्या टिकलीच्या ट्रेमध्ये आज कोंब. मंजिरी मोजायला बसली आणि मोजता मोजता तिचा आवाज खाली गेला. "शंभरात सत्त्याऐंशी, आई." पांढऱ्यात शून्य. म्हटलं, बघ, सांगितलं होतं की नाही, आग लागली की काही बघायला नको. ती म्हणाली, "हो. तेच लिहितेय." मी फार खूश आहे. माझं म्हणणं छापून येणार.

फेलिक्ससाहेबांचा फोनही आला. त्यांनी बेटावर कळवलंय, गोदामातली अकरा पोती शिवलेलीच ठेवा, कोणी उघडायची नाहीत. मला त्या बियांचं वाईट वाटलं, जुनं झालं की जोर जातो. पण साहेब बरोबर करतायत, पद्धत नीट शिकूनच लावावी. मी मंजिरीला तसं म्हटलं. ती म्हणाली, "आई, तुम्ही त्यांना हे परत एकदा सगळं सांगाल? झरा, गवत, बुलबुल. माझ्या आकड्यांपेक्षा ते तुमचं ऐकतात." म्हटलं, त्यात काय, सांगीन.

त्यांच्याबरोबर बेटावरचे आणखी दोघं येणार आहेत, ठरवणारे. माझं तिकीट २८ फेब्रुवारीचं होतं, ते हरीशनं पुढे ढकललं. साठ दिवसांची मोजणी संपली की येतो म्हणालेत, सगळे, जेवायलाच. शनिवार, २४ मार्च.